वाचकांचे प्रश्न : भेकाचं नाव आणि बरणीतला नमुना

सह्याद्रीतल्या भेकांच्या शास्त्रीय नावांबद्दल बरीच पत्रं जमली होती. त्यांतली निवडक या वेळी घेतली आहेत. सारख्या विषयाची पत्रं एकत्र करून थोडी कापली आहेत. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच : भेक म्हणजे खडबडीत कातडीचा, डोळ्यांमागे विषग्रंथींचे उंचवटे असलेला, आखूड पायांचा बेडूक. आणि टाइप नमुना म्हणजे ज्या जतन केलेल्या प्राण्याशी एखादं शास्त्रीय नाव कायमचं बांधलेलं असतं तो नमुना. इथे जात म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस, अनेक जातींचा गट, ज्याचं नाव शास्त्रीय नावात पहिलं येतं.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी आमच्या भागातल्या उभयचरांची यादी करते आहे. एका लहान भेकाला जुन्या पुस्तकांत बुफो फर्ग्युसोनी म्हटलंय, नव्या याद्यांत डुट्टाफ्रायनस स्काबर. मार्गदर्शक म्हणतात, दोन्ही लिही. पण शंभर वर्षं रुळलेलं नाव का बदललं? आणि ते वाचवता आलं नसतं का?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही लिहा हा सल्ला बरोबर आहे, पण दोन्हींचा दर्जा सारखा नाही. वैध नाव एकच, डुट्टाफ्रायनस स्काबर (श्नायडर, १७९९). दुसरं त्याचं कनिष्ठ समानार्थी, म्हणजे त्याच जातीला नंतर मिळालेलं नाव. ते यादीत वैध नावाच्या खाली, बारीक टायपात, वर्ष आणि कर्ता देऊन यावं.

हे कसं घडलं ते पाहण्यासारखं आहे, कारण नामकरणातल्या बहुतेक अडचणी या एका प्रकरणात भेटतात. योहान गोटलोब श्नायडर या जर्मन पंडिताने १७९९ मध्ये उभयचरांवरचा आपला लॅटिन ग्रंथ काढला. त्यात बुफो मेलॅनोस्टिक्टस आणि बुफो स्काबर अशी दोन नावं पहिल्यांदा आली. पहिला आपल्या घराभोवती, नळाजवळ, रस्त्यावरच्या दिव्याखाली बसणारा नेहमीचा मोठा भेक. दुसरा कोण, हे वर्णनावरून नीट कळत नव्हतं. त्या काळी वर्णनं चार-सहा ओळींची असत. कवटीवरच्या कडा, कानाच्या पडद्याचा व्यास, विषग्रंथीचा आकार असल्या आज महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी त्यांत असतीलच असं नाही.

त्यात आणखी एक गुंता झाला. तीनच वर्षांनी, १८०२ मध्ये, फ्रान्सच्या डोदँने बुफो स्काबर हेच नाव वापरलं, पण ते मोठ्या भेकासाठी. एकाच प्रजातीनामाखाली दोघांनी दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव दिलं की नंतरचं नाव कायमचं बाद होतं. डोदँचं नाव तसं बाद आहे. पण ते छापलं गेलं होतं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथांतून ते मोठ्या भेकासाठी फिरत राहिलं. म्हणून जुन्या पुस्तकात नुसतं ‘बुफो स्काबर’ दिसलं की पुढे श्नायडर आहे की डोदँ, हे आधी बघा. कर्त्याचं नाव नसेल तर ती नोंद कुठल्याही जातीच्या खात्यात टाकू नका.

मग १८९२ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या बूलेंजरने त्रावणकोरहून आलेल्या लहान भेकाचं वर्णन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केलं. तिरुवनंतपुरमच्या संग्रहालयाचे हॅरोल्ड फर्ग्युसन यांच्यावरून त्याने नाव ठेवलं बुफो फर्ग्युसोनी. वर्णन चांगलं होतं, नमुने लंडनमध्ये उपलब्ध होते, आणि पुढची शंभर वर्षं भारतात सगळे हेच नाव वापरत राहिले. श्नायडरने पाहिलेले मूळ नमुने मात्र बर्लिनच्या संग्रहालयात होते. विल्हेल्म पीटर्सने त्यांच्याबद्दल १८६३ मध्येच लिहिलं होतं. अलँ द्युबुआ आणि ॲनेमारी ओहलर यांनी आशियातल्या या भेकांची उपलब्ध नावं आणि टाइप नमुने पुन्हा तपासून १९९९ मध्ये प्रबंध छापला. त्यांचा निष्कर्ष असा की श्नायडरचा स्काबर आणि बूलेंजरचा फर्ग्युसोनी ही एकच जात आहे. जुनं नाव १७९९ चं, नवं १८९२ चं. अग्रक्रमाच्या नियमाने स्काबर.

निकाल वर्णनावर लागला नाही, बरणीतल्या प्राण्यावर लागला. वर्णन कितीही अपुरं, चुकीचं किंवा हास्यास्पद असो, नाव त्या प्राण्याचं असतं. संग्रहालयात गेल्याशिवाय असे वाद मिटत नाहीत ते यामुळेच.

आता वाचवण्याबद्दल. प्राण्यांच्या नामकरणाचे नियम सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्यात रुळलेलं कनिष्ठ नाव राखण्याची वाट आहे, पण दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. जुनं नाव १८९९ नंतर कुणीही वैध म्हणून वापरलेलं नसावं. आणि नवं नाव मागच्या ५० वर्षांत किमान १० लेखकांच्या किमान २५ प्रकाशनांत वापरलेलं असावं, तीही निदान १० वर्षांच्या काळात पसरलेली. एखाद्या गावच्या बेडकासाठी २५ प्रकाशनं जमवणं वाटतं तितकं सोपं नसतं. अटी पुऱ्या होत नसतील तर आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाकडे रीतसर अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. स्काबर आज सगळ्या याद्यांत बसलेलं नाव आहे, तेव्हा तुम्ही या फंदात पडू नका.

तुमच्या प्रबंधापुरती एक व्यावहारिक सूचना. लहान भेक दिसला की लगेच स्काबर लिहिण्याची घाई होते. मेलॅनोस्टिक्टसच्या पिल्लांत कवटीवरच्या काळ्या कडा पुऱ्या तयार झालेल्या नसतात, त्यामुळे ३ सेंटीमीटरचं पिल्लू आणि प्रौढ स्काबर यांची गल्लत हमखास होते. आधी प्राणी प्रौढ आहे का ते ठरवा. नर असेल तर पहिल्या बोटावर गडद खरखरीत पट्टा आणि घशाखाली ध्वनिपिशवी दिसते, ओरडत असेल तर प्रश्नच मिटला. प्रौढ आहे, लहान आहे, कडा काळ्या नाहीत, एवढं पटल्यावर मग बाकीची मापं.

प्रश्न : नावापुढे कर्त्याचं नाव कधी कंसात, कधी कंसाशिवाय. शिवाय बुफो मरीनसचं ऱ्हिनेला मरीना कसं होतं?
— शिक्षक, नाशिक

उत्तर : मूळ वर्णनात ज्या प्रजातीखाली जात ठेवली होती तिथेच ती आज असेल तर कंस नाही, दुसरीकडे गेली असेल तर कंस. श्नायडरने बुफो लिहिलं होतं, आज डुट्टाफ्रायनस, म्हणून कंस. आंबोलीच्या झँथोफ्रायनी टायगेरिनाचं वर्णन २००९ मध्ये त्याच प्रजातीखाली झालं, म्हणून तिथे कंस नको. जात हलवणाऱ्याचं नाव प्राण्यांच्या बाबतीत लिहीत नाहीत, वनस्पतीवाले लिहितात.

मरीनसचं मरीना होतं कारण जातीचं नाव विशेषण असेल तर त्याचं लिंग प्रजातीनामाप्रमाणे बदलावं लागतं. बुफो पुल्लिंगी, ऱ्हिनेला स्त्रीलिंगी. लिनियसने तर १७५८ मध्ये हा भेक राना या स्त्रीलिंगी प्रजातीखाली मरीना म्हणूनच छापला होता, त्यामुळे तो फिरून मूळ रूपावर आला. ‘-एन्सिस’ने संपणारी नावं पुल्लिंगी-स्त्रीलिंगी दोन्हीकडे तशीच राहतात, म्हणून बुफो कोयनायेन्सिसचं झँथोफ्रायनी कोयनायेन्सिस होताना काही बदललं नाही. माणसाच्या नावावरून आलेली षष्ठीची रूपंही बदलत नाहीत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या संग्रहात एका बरणीत तीन पिवळसर-तपकिरी भेक आहेत. एका चिठ्ठीवर शाईने ‘बुफो सल्फ्युरियस, कोयना’ एवढं वाचता येतं. बाकी पुसलंय. एकाच्या पायाला लाल दोरा आहे. हा टाइप असू शकेल का? बरणी कपाटातून काढून टाकायची यादी झाली आहे, म्हणून उत्तर लवकर हवं.
— प्रयोगशाळा साहाय्यक, सातारा जिल्हा

उत्तर : पहिलं काम, बरणी त्या यादीतून काढा. दुसरं, झाकण अजून उघडू नका.

नावाचं आधी सांगतो. कोयनेच्या या भेकाला एका वर्षाच्या अंतराने दोन नावं मिळाली. सोमण यांनी १९६३ मध्ये बुफो कोयनायेन्सिस म्हटलं. ब्रिटिश म्युझियमच्या ॲलिस ग्रँडिसन आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांनी १९६४ मध्ये बुफो सल्फ्युरियस म्हटलं. जात एकच, नाव आधीचं टिकलं. २००९ मध्ये बिजू आणि सहकाऱ्यांनी तिच्यासाठी आणि आंबोलीच्या नव्या जातीसाठी झँथोफ्रायनी ही प्रजाती केली. म्हणजे सल्फ्युरियस आज वापरात नाही. पण बाद समानार्थी नाव म्हणजे मेलेलं नाव नव्हे. उद्या कुणी दाखवलं की कोयना परिसरात दोन जाती आहेत, तर दुसरीसाठी नवं नाव शोधायच्या आधी सल्फ्युरियसचा टाइप कुठल्या जातीचा हे पाहावं लागेल. म्हणून या चिठ्ठीला किंमत आहे.

लाल दोऱ्यावर विसंबू नका. मोठ्या संग्रहालयांत टाइपला लाल चिठ्ठी लावण्याची पद्धत आहे, पण महाविद्यालयांत जो दोरा हाताशी असतो तो बांधतात. टाइप ठरतो तो मूळ प्रबंधातल्या उल्लेखावरून. तेव्हा सोसायटीच्या नियतकालिकाच्या ६१ व्या खंडातलं मूळ वर्णन मिळवा आणि त्यात होलोटाइप (नाव ज्याला बांधलं तो एक नमुना), पॅराटाइप (त्याच्या सोबतचे बाकीचे) म्हणून दिलेले क्रमांक, लिंग, लांबी, ठिकाण, तारीख आणि ते कुठे ठेवले हे कागदावर उतरवून घ्या. मग तुमच्या संग्रहाचं जुनं आवक रजिस्टर शोधा. ते बहुधा विभागप्रमुखांच्या कपाटात, कधी ग्रंथालयाच्या रद्दीत, कधी निवृत्त साहाय्यकाच्या आठवणीत असतं. १९६० ते १९७० च्या नोंदी सगळ्या वाचा, फक्त ‘भेक’ शब्द शोधू नका. त्या काळी ‘फ्रॉग, कोयना, ३’ एवढंच लिहिलेलं असू शकतं.

बरणीचे चारी बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. तळाशी पडलेला कागदाचा तुकडा हाही चिठ्ठीचा भाग समजा. अतिनील दिव्याखाली किंवा तिरक्या उजेडात पुसलेली शाई पुष्कळदा उमटते. हे झाल्यावर झाकण उघडा. द्रव फॉर्मेलिन आहे की अल्कोहोल, हे वासाने कळतं, पण नाक थेट बरणीत घालू नका, हाताने वारा घेऊन हुंगा आणि खिडकी उघडी ठेवा. अल्कोहोल असेल आणि पातळी घटली असेल तर ७० टक्क्यांचं अल्कोहोल हळूहळू घाला. फॉर्मेलिन असेल तर त्यात अल्कोहोल ओतू नका. प्राणी आधी पाण्यात धुवून, मग टप्प्याटप्प्याने अल्कोहोलमध्ये न्यावे लागतात, आणि टाइपची शंका असताना ते काम संग्रहालयातल्या माणसाने करावं. नमुना द्रवाबाहेर येऊन वाळला असेल तर थेट बुडवू नका, कातडी फाटते.

मापं व्हर्नियर कॅलिपरने ०.१ मिलिमीटरपर्यंत घ्या : मुस्कटाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, डोक्याची रुंदी, डोळ्याचा आणि कानाच्या पडद्याचा व्यास, विषग्रंथीची लांबी-रुंदी, नडगी. प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी लिहा. साठ वर्षं अल्कोहोलमध्ये राहिलेला प्राणी थोडा आक्रसतो आणि वाकलेला प्राणी आणखी लहान भरतो, म्हणून छापील लांबीशी एक-दोन मिलिमीटरचा फरक आला तर लगेच ‘हा नव्हे’ म्हणू नका. उलट लांबी तंतोतंत जुळली म्हणून ‘हाच’ असंही नाही. पोटावरचा चीर, तुटलेलं बोट, एखादी जुनी जखम असल्या खुणा मूळ चित्रात किंवा फोटोत दिसत असतील तर त्या मापांपेक्षा भरवशाच्या.

क्रमांक जुळला तर टाइप. नाही जुळला आणि ठिकाण कोयनाच निघालं तर ते टोपोटाइप, म्हणजे मूळ ठिकाणचे नमुने. अभ्यासाला उपयोगी, पण नाव त्यांच्याशी बांधलेलं नाही. टाइप निघाला तर तो महाविद्यालयात ठेवू नका. भारतीय प्राणी सर्वेक्षण किंवा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांच्यासारख्या संग्रहाकडे लेखी देऊन पोचपावती घ्या. संहितेच्या भाषेत टाइप ही सगळ्या जगाच्या अभ्यासकांची ठेव असते, आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असलेल्या जागी तिचं भलं होत नाही.

आणि जुनी चिठ्ठी, कितीही चुकीची असली तरी, फेकू नका. नवी ओळख वेगळ्या चिठ्ठीवर, नाव, ओळखणारा आणि तारीख देऊन, तिच्या शेजारी टाका. अशाच जुन्या बरण्यांत २००९ आधीचं ‘कोयनायेन्सिस, आंबोली’ असं काही दिसलं तर तो नमुना टायगेरिनाशी ताडून पाहा.

प्रश्न : सोमण यांचा प्रबंध १९६३ चा, दुसरा १९६४ चा. पण अंकावर छापलेलं वर्ष आणि अंक प्रत्यक्ष निघाल्याचं वर्ष वेगळं असतं ना?
— ग्रंथपाल, मुंबई

उत्तर : असतं, आणि ग्रंथपालांनीच हे विचारावं याचा आनंद आहे. अग्रक्रम प्रत्यक्ष प्रकाशनाच्या तारखेवर ठरतो. अंकावरची तारीख खोटी असल्याचा पुरावा नसेल तरच ती धरतात. लुटकेनच्या बुफो स्टोमॅटिकस या भेकाचं वर्ष म्हणूनच काही ग्रंथांत १८६२ दिसतं आणि काहींत १८६४. खंड एका वर्षाचा, छपाई दुसऱ्या वर्षाची. तुमच्यासारख्यांनी अंकावर मारलेला ‘प्राप्त’ हा शिक्का इथे पुरावा ठरतो. बांधणीच्या वेळी मुखपृष्ठं आणि शिक्क्याची पानं फाडून टाकू नका, एवढी विनंती.

प्रश्न : सी. आर. नारायण राव यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेल्या बुफो ब्रेव्हिरोस्ट्रिसचा टाइप हरवला आहे असं वाचलं. आम्हाला हासन जिल्ह्यात तशा दिसणाऱ्या लहान भेकाचे दोन नर मिळाले. एकाला निओटाइप जाहीर करायचा विचार आहे. काय लागेल?
— संशोधक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : आधी विचारा की निओटाइप, म्हणजे हरवलेल्या टाइपच्या जागी नव्याने नेमलेला नमुना, लागतोच का. राव यांचे नमुने बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात होते आणि ते आज सापडत नाहीत हे अनेकांनी नोंदवलंय, पण टाइप हरवला एवढं कारण पुरत नाही. नेहमीचं काम म्हणून निओटाइप नेमायला संहितेची बंदीच आहे. नावाचा अर्थ काय हा गुंता खरोखर असेल आणि तो निओटाइपशिवाय सुटत नसेल तरच ही वाट. ‘आम्हाला सापडला, म्हणून नेमला’ अशा प्रबंधांचा त्रास पुढच्या पिढीला होतो.

गरज आहे असं धरू. प्रबंधात सात गोष्टी असाव्याच लागतात. एक, नावाचा अर्थ किंवा मूळ ठिकाण स्पष्ट करण्यासाठी हे करतो आहोत असं स्पष्ट विधान. दोन, ही जात इतरांपासून कशी ओळखायची ती लक्षणं. तीन, नेमलेला नमुना पुढे कुणालाही ओळखता येईल इतका तपशील : क्रमांक, मापं, फोटो, अंगावरच्या खुणा. चार, मूळ नमुना नष्ट झाला असं का वाटतं आणि तो शोधायला काय काय केलं. पाच, नेमलेला नमुना मूळ वर्णनाशी जुळतो याचा पुरावा. सहा, तो मूळ ठिकाणाच्या शक्य तितक्या जवळचा आहे याचा पुरावा. सात, तो मान्य संशोधन संग्रहाच्या मालकीचा आहे, संग्रहाच्या नावासह.

यांतली चौथी आणि पाचवी इथे लोक घसरतात. चौथीसाठी ‘नमुना उपलब्ध नाही’ हे एक वाक्य चालत नाही. कुठल्या संग्रहांना लिहिलं, कुणी काय उत्तर दिलं, कुठली यादी पाहिली, कधी पाहिली, हे सगळं छापा. जुने नमुने पुष्कळदा दुसऱ्या विभागात, दुसऱ्या नावाच्या बरणीत निघतात. आणि मूळ टाइप पुढे सापडला तर तुमचा निओटाइप बाजूला पडतो, आयोगाने वेगळा निर्णय दिला नाही तर. पाचवीसाठी राव यांचं मूळ वर्णन वाक्यावाक्याने घ्या. दोन रकाने करा, डावीकडे त्यांचं वाक्य, उजवीकडे तुमच्या नमुन्यात काय दिसतं. न जुळणारं वाक्य लपवू नका. वयामुळे, लिंगामुळे किंवा जतनामुळे फरक का पडला ते लिहा. तुमचे दोन्ही नर असतील आणि मूळ नमुना मादी किंवा अल्पवयीन असेल तर ते बाधक नाही, पण सांगावं लागतं.

दोन नरांवर भागवू नका. त्याच जागी आणखी नमुने, निदान आवाजाचं ध्वनिमुद्रण, आणि आजूबाजूला राहणाऱ्या इतर लहान भेकांची तुलना हवी. नाहीतर राव यांच्या नावावर भलतीच जात बसेल आणि ती उठवायला आयोगाकडे जावं लागेल. नमुने वनखात्याच्या लेखी परवानगीनेच घ्या. भूल देऊन मारल्यावर, फॉर्मेलिनमध्ये टाकायच्या आधी, मांडीचा स्नायू किंवा यकृताचा तुकडा निखळ अल्कोहोलमध्ये वेगळा काढा. फॉर्मेलिन लागलं की डीएनए मिळवणं अवघड होतं. मग प्राणी पसरट ट्रेमध्ये, बोटं उघडी ठेवून १० टक्के फॉर्मेलिनमध्ये घट्ट करा. बाजारातलं तयार फॉर्मेलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग. लहान भेकाला एक-दोन दिवस पुरतात. नंतर पाण्यात धुवून ७० टक्के अल्कोहोल. मुठी वळलेला, पाय पोटाशी घेतलेला नमुना मोजता येत नाही. असा निओटाइप नेमला तर पुढचे अभ्यासक तुमच्या नावाने बोटं मोडतील.

प्रश्न : आपला नेहमीचा भेक खरं तर अनेक जातींचा समूह आहे असं म्हणतात. तो फुटला तर मेलॅनोस्टिक्टस हे नाव कुणाला मिळणार? भारतालाच ना?
— निसर्ग अभ्यासक, ठाणे

उत्तर : नाव देशाला मिळत नाही, टाइपला मिळतं. श्नायडरने ठिकाण दिलं ते ‘पूर्व इंडिया’. १७९९ मध्ये त्याचा अर्थ कोरोमंडलपासून जावापर्यंत काहीही होऊ शकतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मुख्य भूमीवरचे आणि सुंदा बेटांकडचे भेक एकमेकांपासून बरेच दूर गेल्याचं दाखवलं. म्हणून श्नायडरचा नमुना कुठला, हा आता निव्वळ इतिहासाचा प्रश्न उरलेला नाही. मादागास्करच्या तोआमासिना बंदराच्या परिसरात हा भेक परका म्हणून पोचल्याचं २०१४ मध्ये उघड झालं. तिथले भेक आग्नेय आशियाच्या मुख्य भूमीवरून गेले असं डीएनए सांगतो. तिथल्या नियंत्रणाच्या कागदपत्रांत कुठलं नाव लिहायचं, हेही उद्या श्नायडरच्या या नमुन्यावर अवलंबून राहील.

उत्तर शोधायची रीत अशी. आधी टाइपची बाह्यलक्षणं वेगवेगळ्या शाखांच्या भेकांशी ताडायची. त्यातून निष्पन्न झालं नाही तर टाइपमधून डीएनए काढायचा प्रयत्न. इथे एक जमेची बाजू आहे : प्राणी जतन करायला फॉर्मेलिन वापरणं १८९३ नंतर सुरू झालं. श्नायडरच्या काळातले नमुने मद्यार्कात ठेवलेले, त्यामुळे तुटका का होईना डीएनए मिळण्याची आशा असते, मधल्या काळात कुणी फॉर्मेलिनमध्ये हलवले नसतील तर. हे काम ताज्या भेकांचा डीएनए कधीच हाताळला नाही अशा वेगळ्या खोलीत करावं लागतं, नाहीतर कालच्या बेडकाचा डीएनए दोनशे वर्षांपूर्वीच्या बेडकाचा म्हणून छापला जातो. तेही जमलं नाही तर आयोगाला अर्ज करून, जुना टाइप बाजूला ठेवून, ठिकाण माहीत असलेला निओटाइप नेमण्याची परवानगी मागता येते. मूळ टाइप हयात असताना स्वतःच्या अधिकारात निओटाइप नेमता येत नाही.

तोवर तुमच्या नोंदी डुट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस या नावानेच ठेवा, पण ठिकाण गावाच्या नावासह आणि अक्षांश-रेखांशासह लिहा. फाटाफूट झाली की नोंद योग्य जातीत नेता येते ती फक्त ठिकाणावरून.

प्रश्न : आंबोलीला भेकाचा फोटो काढला, कुठल्याच पुस्तकाशी जुळत नाही. फोटोवरून नवी जात जाहीर करता येते का?
— छायाचित्रकार, सावंतवाडी

उत्तर : संहिता पूर्ण बंदी करत नाही. चित्राला किंवा फोटोला होलोटाइप म्हटलं तर होलोटाइप तो फोटो नसतो, फोटोतला प्राणी असतो, आणि तो निसटला म्हणून नाव आपोआप बाद होत नाही. पण भेकांत हे करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. कवटीच्या कडा, तळव्यावरच्या गाठी, बोटांमधला पडदा, पोटाकडची कातडी यांवर जाती ठरतात आणि एका फोटोत हे सगळं येत नाही. शिवाय जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नव्या जातीची माहिती आणि नमुना सरकारने ठरवलेल्या संग्रहाकडे द्यावा लागतो.

फोटो उपयोगी करायचा असेल तर वरून, बाजूने, पोटाकडून, आणि हातापायांचे तळवे वेगळे, असे काढा. शेजारी मोजपट्टी. ओल्या अंगावर फ्लॅशची चकाकी येते, तेव्हा उजेड तिरका ठेवा. पोटाचा फोटो काढायला भेक हातात घेण्यापेक्षा काचेच्या स्वच्छ भांड्यात ठेवून खालून काढा. हाताला कीटकनाशक मलम लावलेलं असेल तर भेकाला मुळीच शिवू नका. काम झालं की जिथून उचलला तिथेच सोडा.

प्रश्न : फर्ग्युसोनीच्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटी एक आय की दोन?
— मुद्रितशोधक, पुणे

उत्तर : बूलेंजरने दोन लिहिले, तेव्हा दोन. एक आय लिहिणं हे चुकीचं नंतरचं स्पेलिंग धरतात, त्याने नाव बदलत नाही. समानार्थी नावांच्या यादीत मूळ रूप द्या. दुसऱ्याचं वाक्य अवतरणात घेत असाल आणि त्याने एकच लिहिला असेल तर तो तसाच राहू द्या.